रोपाचे हस्ताक्षर
लाजाळूला बोट लावून तिची पाने मिटताना पाहण्यात पुण्यातील मुलेही रमतात. पण ज्या रोपांची हालचाल डोळ्यांना दिसतच नाही, त्यांचे काय? कोलकात्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात येशूसंघीय फादर लाफाँ यांच्या प्रयोगांनी जगदीशचंद्र बोस यांना पदार्थविज्ञानाची गोडी लावली. पुढे बोस यांनी क्रेस्कोग्राफ रचला. रोपाची वाढ १०,००० पटींनी मोठी करून हे यंत्र काजळी धरलेल्या काचेवर रेखीत असे. खत वा विष दिले, की रेषा पालटे. जणू माणसाने पुसावे नि रोपाने लिहून उत्तर द्यावे! १९१७ साली त्यांनी कोलकात्यात स्वतःची संशोधनसंस्था स्थापिली. रोपांना आपल्यासारखीच वेदना होते, असा अर्थ पुष्कळांनी त्या रेषांतून काढला. तो मला घाईचा वाटतो. रोप प्रतिसाद देते, एवढेच रेषा सांगते. त्याला जाणवते काय, यावर शास्त्रज्ञांत आजही वाद आहे.