नागपूरचे सी. के. : खेळाडू घडवणारा कर्णधार

'शाळेच्या मैदानाने काय दिले?' असे स्मरणिकेसाठी विचारले गेले, तेव्हा नागपूरच्याच एका विद्यार्थ्याची आठवण झाली. कोट्टारी कनकैया नायडू, अर्थात सी. के., यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला. शिक्षण इथल्याच हिस्लॉप कॉलेजिएट शाळेत, आणि क्रिकेटचे पहिले धडेही याच मातीत.

१९१६ मध्ये त्यांनी मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघातून पदार्पण केले. १ डिसेंबर १९२६ रोजी गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध मुंबई जिमखान्यावर त्यांनी दोन तासांच्या आत १५३ धावा कुटल्या, त्यात ११ षटकार. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले. संस्थानिकांच्या त्या जमान्यात संघाचे नेतृत्व खेळाच्या बळावर मिळवणारा हा नागपूरकर होता.

हा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. त्यांचे पुढचे काम मात्र कमी आठवले जाते. १९२३ मध्येच महाराज तुकोजीराव होळकरांच्या निमंत्रणावरून ते इंदूरला गेले होते. होळकरांच्या लष्करात त्यांना हुद्दा मिळाला आणि पुढे ते 'कर्नल' म्हणूनच ओळखले गेले. तिथे त्यांनी संघ बांधला. तेरा वर्षांच्या मुश्ताक अलीमधला खेळाडू त्यांनी हेरला. त्याच मुश्ताकने १९३६ मध्ये मँचेस्टरला शतक ठोकले. परदेशातील कसोटीत भारतीयाने केलेले ते पहिले शतक. चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, हिरालाल गायकवाड आणि नागपुरातच जन्मलेले धाकटे बंधू सी. एस. हे सारे याच संघातले. प्रशिक्षक हे वेगळे पद तेव्हा नव्हते. कर्णधारानेच शिकवायचे, शिस्त लावायची आणि स्वतः पुढे उभे राहून दाखवायचे.

फळ दिसले. १९४४-४५ पासूनच्या नऊ हंगामांत होळकर संघ आठ वेळा रणजी करंडकाच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि चार वेळा जिंकला. १९५२-५३ च्या विजेतेपदाच्या वेळी कर्णधार सत्तावन्न वर्षांचा होता! १९५६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरलाच त्यांचे निधन झाले.

म्हणजे नागपूरने खेळाडू दिला आणि त्याची शिकवण लाभली इंदूरला. गुण इथे होता. त्याला पोसणारा आश्रय तिकडे मिळाला. विदर्भाचा संघ १९५७-५८ मध्ये रणजीत उतरला आणि पहिल्या विजेतेपदासाठी त्याला साठ वर्षे थांबावे लागले. १ जानेवारी २०१८ रोजी फैज फझलच्या संघाने दिल्लीला हरवून तो करंडक जिंकला, तोही इंदूरच्या होळकर स्टेडियमवर.

मित्रहो, आपल्या शाळेच्या मैदानावर आजही मुले खेळतात. त्यांतल्या एखाद्या गुणी मुलाला आश्रयासाठी गाव सोडावे लागू नये, एवढे आपण माजी विद्यार्थ्यांनी पाहिले, तरी सी. के. यांचे ऋण थोडे फिटेल.