सीरियातले तदमुर : फक्त ‘रोमन अवशेष’ नव्हे

दमास्कसच्या ईशान्येला सुमारे 215 किलोमीटरवर, ऐन वाळवंटात, खजुरीच्या बागांशेजारी एक पडके शहर उभे आहे. युरोपवाले त्याला पाल्मायरा म्हणतात, अरब लोक तदमुर. माहितीपुस्तिकांत त्याची ओळख ‘रोमन अवशेष’ अशी दोन शब्दांत आटोपलेली असते. ती आम्हाला अपुरी वाटते. रोमचे राज्य होते हे खरे, पण इथे राहणारे लोक अरब आणि अरामी होते. घरात आणि बाजारात ते अरामी बोलत, कबरींवरही तीच लिपी कोरत.

शहर जगले ते एका झऱ्यावर आणि उंटांच्या काफिल्यांवर. फुरात नदी आणि भूमध्य समुद्र यांच्या मधल्या वाटेवर पाणी देणारे हे मोठे ठिकाण. कोणत्या मालावर किती जकात घ्यायची, याचा इ. स. 137 चा कायदा दगडावर कोरलेला सापडला. तो आज रशियात सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयात आहे. इथल्या कबरींत चिनी रेशमाचे तुकडे मिळाले. इ. स. 157 च्या एका शिलालेखात ‘स्किथिया’हून जहाजाने परतलेल्या व्यापाऱ्यांचा उल्लेख आहे. अभ्यासकांच्या मते हा सिंधू नदीच्या मुखाकडचा प्रदेश. म्हणजे आपल्या उपखंडाशी तदमुरचा थेट व्यवहार होता.

तिसऱ्या शतकात राणी झेनोबियाने थेट रोमला आव्हान दिले आणि मिसरपर्यंत मजल मारली. इ. स. 272 मध्ये सम्राट ऑरेलियनने तिचा पराभव केला. पुढच्याच वर्षी शहराने पुन्हा बंड केले आणि ते लुटले गेले. ती जुनी श्रीमंती परत आली नाही.

पण शहर ओस पडले नाही, हे पुस्तिकांत सहसा नसते. इ. स. 634 मध्ये हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांच्या फौजेपुढे तदमुर शरण आले. बेल देवतेचे इ. स. 32 मधले भव्य मंदिर आधी चर्च झाले आणि बाराव्या शतकात मशीद. त्याच्या आवारात घरे, गल्ल्या, अख्खे गाव वसले. सुमारे आठशे वर्षे मुसलमानांनी त्या भिंतींत नमाज अदा केली आणि त्या वापरातूनच इमारत टिकली. फ्रेंच राजवटीत, 1930 च्या सुमारास, उत्खननासाठी गावकऱ्यांना तिथून हलवले आणि शेजारी नवे तदमुर बांधले.

मे 2015 मध्ये आयसिसने शहर घेतले. ऑगस्टमध्ये बालशमीन आणि बेल ही मंदिरे सुरुंगाने उडवली, ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध कमान. दीन वाचवतो म्हणणाऱ्यांनी अशी वास्तू पाडली जिच्यात पिढ्यान्‌पिढ्या अजान झाली होती. 1963 पासून चार दशके इथल्या पुरातत्त्व विभागाचे प्रमुख असलेले खालिद अल-असद निवृत्तीनंतरही गाव सोडून गेले नाहीत. संग्रहालयातल्या वस्तू कुठे हलवल्या हे त्यांनी सांगितले नाही, म्हणून 18 ऑगस्ट 2015 रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या एका मुलीचे नाव झेनोबिया आहे.

आज जाणाऱ्याला काय दिसते? किलोमीटरभराहून लांब खांबांची रांग, नाट्यगृह आणि बेल मंदिराचे एकटे उरलेले दार. डोंगरावर मुस्लिम काळातला किल्ला आहे. संध्याकाळी तिथून सगळे शहर एका नजरेत येते. अल-लातच्या मंदिरातला पंधरा टनांचा सिंह मात्र इथे नाही. (सूरह नज्ममध्ये नाव आलेली तीच ही लात.) आयसिसने तोडलेला तो सिंह दुरुस्त करून दमास्कसच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवला आहे. त्याच्या पंजावर कोरले आहे की या जागी रक्त न सांडणाऱ्याला बरकत मिळेल.

हवा मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बरी असते. उन्हाळा भाजून काढतो. युद्धात पेरलेल्या सुरुंगांमुळे मळलेली वाट सोडू नये, स्थानिक वाटाड्या घ्यावाच. निघण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाची सीरियाबद्दलची ताजी सूचना वाचावी. ती ‘जाऊ नका’ म्हणत असेल तर बेत पुढे ढकलावा. जाणे झालेच तर वाटेत होम्सला थांबता येते. हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांच्या नावाची मशीद तिथेच आहे.