पांच वर्षांच्या मुलाचें यंत्र

टॅब्लेटवर चालणारीं शिक्षणाचीं ॲप्स आज घरोघरीं दिसतात. तीं शिक्षकानें करावींत कीं यंत्रज्ञानें, हा वाद मात्र त्या यंत्राहून जुना आहे.

१९६७ सालीं अमेरिकेंतील केंब्रिज शहरीं वॅली फॉयर्त्सायग, सिंथिया सॉलोमन व गणिती सेमूर पॅपर्ट यांनीं मुलांसाठीं ‘लोगो’ ही संगणकभाषा सिद्ध केली. पॅपर्ट १९५८ ते १९६३ पर्यंत जिनीव्हास बालमनाचे थोर अभ्यासक ज्याँ पियाजे यांच्याजवळ होते. पुढें या भाषेला एक यांत्रिक कासव जोडलें गेलें. ‘पन्नास पुढें, नव्वद उजवीकडे’ असें चारदां सांगावें आणि त्याच्या लेखणीनें कागदावर चौरस उमटावा! कल्पना मोठी गोड. पण आज्ञा लिहावी लागे, आणि नव्वद अंश म्हणजे काय हें कळावें लागे. जें मूल अद्यापि ‘अ’ गिरवीत आहे त्यानें काय करावें?

याचें उत्तर २०१४ सालच्या ‘स्क्रॅचज्युनिअर’ या ॲपमध्यें सांपडतें. पांच ते सात वर्षांच्या मुलांसाठीं तें तिघांनीं मिळून केलें: टफ्ट्स विद्यापीठांतील मरीना बर्स यांचा बालविकासाचा गट, एमआयटीमधील मिचेल रेझनिक यांचा गट आणि ‘प्लेफुल इन्व्हेन्शन कंपनी’. रेझनिक यांच्या गटाचें ‘स्क्रॅच’ २००७ पासून मोठ्या मुलांच्या हातीं होतेंच. परंतु मोठ्याचा सदरा आंखूड करून लहानास होत नाहीं. येथें ठोकळ्यांवरील शब्द जाऊन चित्रें आलीं. ठोकळ्यांची उभी उतरंड मोडून ते वाचनाच्या ओळीप्रमाणें डावीकडून उजवीकडे मांडले. मांजराचीं पावलें चौकटी मोजून पडूं लागलीं. अंश तर गेलेच. पूर्ण फेरीचे बारा भाग केले. यांत चाक नाहीं कीं तार नाहीं. पण पांच वर्षांच्या मुलाशेजारीं जो बसला नाहीं त्यास हें सुचणें कठीण, आणि सुचलें तरी यंत्रज्ञानें ऐकावयास हवें.

तसा ऐकणारा आम्हांस भेटला नाहीं. मी ज्या शाळेंत होतों तेथें एके वर्षीं संगणक आले. आम्हां शिक्षकांस कोणीं कांहीं विचारलें नव्हतें. त्यांतले पाठ इंग्रजींत, मुलें मराठी बोलणारीं. दुसऱ्या पावसाळ्यापासून तीं यंत्रें कापडाखालींच राहिलीं. मी आपला जुन्या भिंतीवरच्या घड्याळाची कांच काढून, कांटा बोटानें फिरवून कोन शिकवीत असें.

परवां नातीनें या ॲपमधलें मांजर तीन भाग फिरविलें आणि म्हणाली, “आजोबा, याचे तीन वाजले!”