मोहाचे गोत

कर्जत-खालापूरच्या रानात चैत्राच्या सुमारास पहाटे मोहाची फुले गळतात. ठाकूर-कातकऱ्यांची बायामुले ती वेचून वाळवतात. कोणी खातात, कोणी त्यांची दारू गाळतात. ह्या झाडाला 'मोह' का म्हणायचे? पुष्कळ जण सांगतात, "भूल पाडतो म्हणून मोह." ऐकायला बरे, पण खरे नव्हे. भूल पाडणारा मोह 'मुह्' धातूचा. झाडाचा मोह दुसऱ्या घरचा.

संस्कृतात ह्या झाडाचे नाव मधूक. त्यात 'मधु' आहे. मधु म्हणजे मध, गोड पेय. प्राकृतात स्वरांमधल्या 'ध'चा 'ह' झाला. दधीचे दही, बधिराचा बहिरा, गोधूमाचा गहू. तसाच मधूकाचा महुअ आणि पुढे मोह.

आता जरा दूर जाऊ. संस्कृत, ग्रीक व लॅटिन एकाच मूळ भाषेच्या लेकी असाव्यात, असे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात सांगितले. इंग्रजी, जर्मन, डॅनिश ह्या जर्मानिक भाषाही त्याच कुळातल्या. तिकडे मूळच्या 'ध'चा 'द' किंवा 'ड' झाला. आपली विधवा तिकडे 'विडो', आपला मध्य 'मिड'. त्याच न्यायाने मध आंबवून केलेल्या पेयाला इंग्रज 'मीड' म्हणतो, डॅनिश माणूस 'म्योड'. जर्मनांनी पुढे 'ड'चा 'ट' करून 'मेट' केले. ह्या सर्वांची आई 'मेदुझ'. ती कोठे लिहिलेली नाही. लेकींच्या तोंडवळ्यावरून विद्वानांनी तिचे रूप बांधले. 'मद्य' मात्र सारखे दिसले तरी ह्या गोतातले नव्हे. ते 'मद्' धातूचे. शब्दाचे नाते चेहऱ्यावरून नव्हे, नियमावरून ठरते.

नावाचा अर्थ चुकला की माणसाचीही किंमत चुकते. चोरटी दारू थांबवण्यासाठी १८९२ साली मुंबई सरकारने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी कायदा करून मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध घातले. कुलाबा म्हणजे १९८१ पासूनचा आपला रायगड. ज्या फुलावर गरिबाचे पोटही चाले, ते सरकारच्या लेखी केवळ दारूचा कच्चा माल ठरले. नाव मात्र गोडव्याचीच साक्ष देते.

गुरुजी, वर्गात एवढेच विचारा: आपली वधू हिंदीत बहू कशी झाली? उत्तर मुलेच काढतील.