वाऱ्याला न विचारता

सप्टेंबर १४९८ संपत आला आहे. तुम्ही अंजदीव बेटावर, ‘साँव गॅब्रिएल’ या जहाजाच्या पोटाखाली उकिडवे बसला आहात. जहाज वाळूवर ओढून एका अंगावर कलतं केलंय आणि तळाला घट्ट चिकटलेले शिंपले तुम्ही लोखंडी पट्टीनं खरवडताय. शेजारी फळ्यांच्या फटींत दोर ठोकून वर डांबर फासणं चाललंय. बेटावर घडीव दगडाची एक टाकी सापडली आहे, तिथून गोडं पाणी पिंपांत भरून येतंय. पूर्वेला कारवारचा डोंगराळ किनारा इतका जवळ दिसतो की पोहून जावंसं वाटतं.

सगळ्यांना घाई आहे. लिस्बन सोडून चौदा महिने झाले. महिन्यापूर्वी, २९ ऑगस्टला, कालिकतहून निघावं लागलं तेही भांडण करूनच. तिथल्या सामुतिरी राजासाठी वास्को द गामानं काढलेला नजराणा तुम्ही स्वतः मांडलात: पट्ट्यापट्ट्यांचं कापड, टोप्या, पोवळ्यांच्या माळा, हात धुवायची भांडी, साखर, तेल, मध. राजाचे अधिकारी तो बघून हसले होते. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीसुद्धा याहून जास्त आणतो, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. नेलेला माल खपला नाही, जकातीवरून वाद पेटला, दोन्ही बाजूंनी माणसं अडकवून ठेवली. मक्केची जहाजं येऊन पोचली तर आपली धडगत नाही, ही धास्ती तेव्हापासून तुमच्या सोबतीला आहे.

त्यात एक माणूस बेटावर येतो. चाळिशीचा, अंगात तागाचं वस्त्र, डोक्यावर उंची पागोटं, कमरेला तलवार. गामाला मिठी मारतो आणि अस्खलित व्हेनिसच्या भाषेत बोलू लागतो. आपण गोव्याच्या आदिलशाही सरदाराच्या चाकरीत आहोत, म्हणतो. गामाला संशय येतो. मग फटके खाताना त्याचं ओरडणं तुम्हाला ऐकावं लागतं. हेरगिरीसाठी आलो, असं त्याच्या तोंडून वदवून घेतलं जातं. त्याला जहाजावरच डांबतात. पुढे त्याचा बाप्तिस्मा होईल आणि धर्मपित्याचं आडनाव घेऊन तो गास्पार द गामा म्हणून ओळखला जाईल.

५ ऑक्टोबरला शिडं वर चढतात. आणि इथे, आजच्या माहितीसह त्या फळ्यांवर उभ्या असलेल्या तुमच्या पोटात खड्डा पडतो. कोकणातल्या कुठल्याही तांडेलाला विचारलं असतं तरी त्यानं हात आडवा केला असता. नारळी पौर्णिमेनंतर दर्या शांत होतो हे खरं, होड्या मासेमारीला बाहेर पडतात हेही खरं. रात्री किनाऱ्यावरून सुटणारा मतलई वारा थोडं अंतर नेतोही. पण आफ्रिकेचा किनारा गाठायचा तर ईशान्येचा मोसमी वारा लागतो, आणि तो नोव्हेंबरशिवाय नीट बसत नाही. ऑक्टोबरात नैऋत्येचा वारा सरलेला असतो, ईशान्येचा आलेला नसतो. गुजरात-मलबारपासून अरबस्तान-आफ्रिकेपर्यंतचे व्यापारी शतकानुशतकं या वेळापत्रकावर जगत आले होते. हे ज्ञान कुणी लपवून ठेवलं नव्हतं.

गामाला ते कळायला हवं होतं असं मी म्हणते, कारण सहा महिन्यांपूर्वीच त्याला त्याचा प्रत्यय आला होता. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदीच्या राजानं त्याला एक वाटाड्या दिला. जुआंव द बारुश या इतिहासकारानं पुढे अर्ध्या शतकानं लिहिलं की तो गुजरातचा मुसलमान होता. गामानं त्याला आपलं धातूचं ॲस्ट्रोलेब, सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचं यंत्र, दाखवलं तर त्याला काही नवल वाटलं नाही. तीन फळ्यांचं आपलं साधन आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्याचा नकाशा त्यानं समोर ठेवला. २४ एप्रिलला मालिंदीहून निघालेली जहाजं १८ मे रोजी मलबारच्या डोंगरांसमोर होती. चार हजार किलोमीटरहून लांबचा तो पल्ला, आणि मध्ये एकाही माणसाचा जीव गेल्याची नोंद नाही. नैऋत्येचा वारा जोर धरण्याच्या बेतात असताना, पाऊस कोसळण्याआधी पार व्हायचं, हा हिशेब त्या माणसाचा होता. जहाजावरच्या रोजनिशीत त्याचं नावसुद्धा नाही. इब्न माजिद हा नामांकित अरब नाविकच तो वाटाड्या होता, असं आजही पुष्कळ ठिकाणी छापतात. अभ्यासक ते मानत नाहीत. शाळेच्या पुस्तकात लिस्बन ते कालिकत अशी एकच तुटक रेघ असते. मालिंदीपुढचा तिचा तुकडा या गुजराती दर्यावर्दीच्या हातचा आहे, आणि ते लिहायला एक ओळ पुरते. ती ओळ पाठ्यपुस्तकात असायला हवी.

आता तुमच्या भोवती वारा पडला आहे. शिडं डोलकाठीला लोंबतायत. कधी पश्चिमेकडून झुळूक येते आणि दोन दिवसांत कमावलेलं अंतर एका रात्रीत परत नेते. पाणी मोजून मिळतं. ताजं असं काही उरलेलं नाही.

दीडेक महिन्यानंतर तुमच्या शेजारी झोपणारा खलाशी सकाळी उठत नाही. मेलेला नसतो, उठवत नाही एवढंच. त्याचे पाय सुजलेत. बोट दाबलं तर खळगा तसाच राहतो. मांडीवर काळेनिळे डाग. तोंड उघडतो तेव्हा हिरड्या फुगून दातांवर चढलेल्या दिसतात, त्यामुळे बिस्किट चावता येत नाही. तुम्ही ते पाण्यात भिजवून त्याला भरवता. दुसऱ्या एकाची जुनी, कधीच भरून आलेली जखम पुन्हा उघडते. तुम्हाला कारण माहीत आहे: शरीरातलं क जीवनसत्त्व संपलं की पेशींना जोडून ठेवणारं कोलॅजन नीट बनत नाही, आणि माणूस सांध्यासांध्यांतून उसवतो. रोजचं एक संत्रं पुरलं असतं. पण जेम्स लिंड हा डॉक्टर या रोगावर, स्कर्व्हीवर, संत्री-लिंबांचा प्रयोग करेपर्यंत २४९ वर्षं जायची आहेत. इथे सगळे समजतात की हवा बाधली.

साँव गॅब्रिएलवर सुकाणू धरायला आणि दोर ओढायला सात-आठ माणसं उरतात. बाकीच्या दोन जहाजांवरही तेच. शिस्त संपली आहे. कप्तान नवस बोलतात, संतांच्या नावानं शपथा घेतात. शेवटी एकत्र बसून ठरवतात की वारा अनुकूल मिळाला तर मागे, हिंदुस्थानलाच फिरायचं. प्रेतं कापडात गुंडाळून पाण्यात सोडली जातात. तीस माणसं या एका पल्ल्यात जातात. तेवढीच आधी गेली होती.

मग ईशान्येचा वारा येतो, त्याच्या वेळेवर.

२ जानेवारी १४९९ ला मोगादिशूजवळचा किनारा दिसतो. येताना तेवीस दिवस लागले होते. परतताना पल्ला त्याहून कमी असून तीन महिन्यांना तीन दिवस कमी लागले. ७ जानेवारीला मालिंदी. गामा लगेच माणूस पाठवतो: आजाऱ्यांसाठी संत्री हवीत. म्हणजे कारण ठाऊक नसलं तरी जीव कशाला हपापला आहे ते सगळ्यांना कळत होतं. दुसऱ्या दिवशी संत्री येतात. तुम्ही साल सोलून फोडी पिळता, रस ओठांवर सोडता. काहींना तो गिळता येतो. पुष्कळांना उशीर झालेला असतो. मालिंदीच्या बंदरातही माणसं मरत राहतात.

थोडं दक्षिणेला गेल्यावर ‘साँव राफाएल’ला आग लावावी लागते. ते चालवायला माणसं नाहीत. त्याचा कप्तान म्हणजे गामाचा थोरला भाऊ पाउलो. घर जवळ आलेलं असताना आझोर्समधल्या तेर्सेइरा बेटावर तो मरण पावतो. दीडशेच्या वर गेलेल्या माणसांपैकी जेमतेम एक तृतीयांश लिस्बन पाहतात. तिथे घंटा वाजतात, गामाला मानमरातब मिळतात. १५०२ मध्ये तो पुन्हा येईल तेव्हा मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज बायकामुलांसह जाळेल. त्या फेरीला मी तुम्हाला नेणार नाही.

त्याऐवजी मार्च १५०० मध्ये लिस्बनच्या धक्क्यावर या. पेद्रो आल्व्हारिश काब्रालची तेरा जहाजं निघतायत, आणि अंजदीववर फटके खाल्लेला गास्पार दुभाषा म्हणून त्यात आहे. काब्राल मलबारहून परत फिरेल तो जानेवारी १५०१ मध्ये, ईशान्येचा वारा पूर्ण बसल्यावर. पुढे पोर्तुगालच्या आरमाराचं वेळापत्रकच तसं ठरून गेलं: लिस्बनहून वसंतात निघायचं, हिंदुस्थानातून डिसेंबर-जानेवारीत. मालिंदीच्या वाटाड्याकडे ते १४९८ मध्ये तयारच होतं.