मराठी आत्मचरित्रे आणि दैनंदिन जीवनाचा इतिहास

मराठी भाषेतील आत्मचरित्रे, आठवणी व प्रवासवृत्ते ही महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाची महत्त्वाची साधने मानली जातात. राज्यकारभार, युद्धे, तह आणि महसूल यांची माहिती बखरी, दप्तरे व सरकारी अहवाल यांतून मिळते. मात्र घरात कोण आधी जेवत असे, पाणी कोठून आणले जाई, मुलगी वाचायला बसली तर घरातील माणसे काय म्हणत, प्रवासात मुक्काम कोठे पडे, यांसारख्या गोष्टी त्या कागदांत क्वचितच आढळतात. ती उणीव आत्मपर लेखन भरून काढते.

जगातील इतर भाषांतही असे घडले आहे. रशियात अक्साकोव्ह यांच्या कौटुंबिक आठवणी, हर्झेन यांचे आत्मवृत्त आणि मॅक्झिम गॉर्की यांचे बालपणावरील पुस्तक यांतून जमीनदारांच्या वाड्यांपासून गरिबांच्या घरांपर्यंतचे रोजचे जीवन वाचकांसमोर आले. मराठीत या परंपरेचा विस्तार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून झाला. विसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशात दलित व भटक्या समाजांतील लेखकांनी तिला नवे वळण दिले.

संज्ञा व व्याप्ती

आत्मचरित्रात लेखक स्वतःच्या आयुष्याचा सलग आढावा घेतो. आठवणींत मात्र एखादी व्यक्ती, कालखंड किंवा घर केंद्रस्थानी असते, तर प्रवासवृत्ताला वाटेचा व मुक्कामांचा आधार असतो. दलित साहित्याच्या संदर्भात ‘आत्मकथन’ किंवा ‘स्वकथन’ ही संज्ञा रूढ आहे, कारण त्या लेखनात एका व्यक्तीबरोबरच संपूर्ण वस्तीचे जीवन सांगितलेले असते. इतिहासाचे साधन म्हणून विचार करताना हे सर्व प्रकार एकत्र घेतले जातात.

प्रारंभ

सतराव्या शतकातील संत बहिणाबाई यांनी आपल्या अभंगांतून स्वतःच्या जीवनातील प्रसंग सांगितले आहेत. अठराव्या शतकातील नाना फडणवीस यांचे छोटे आत्मवृत्त प्रसिद्ध असून त्यात पानिपतच्या मोहिमेचा अनुभव येतो. मात्र घरगुती जीवनाचे सविस्तर वर्णन अशा जुन्या लेखनात मर्यादितच आहे. व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) यांचे आत्मचरित्र अ. का. प्रियोळकर यांनी १९४७ साली प्रसिद्ध केले. जुन्या मुंबईतील कुटुंबजीवन आणि इंग्रजी अमदानीच्या प्रारंभीचे शिक्षण समजून घेण्यासाठी ते उपयोगी पडते.

माझा प्रवास

विष्णुभट गोडसे हे सध्याच्या रायगड जिल्ह्यातील, पेण तालुक्यातील वरसई गावचे भिक्षुक ब्राह्मण. घरावर कर्ज झाल्यामुळे दक्षिणा मिळवण्याच्या आशेने ते १८५७ साली आपल्या चुलत्यांसह उत्तरेकडे निघाले. वाटेतच उठावाला तोंड फुटले आणि १८५८ मध्ये इंग्रज फौजेने झाशीला वेढा घातला तेव्हा गोडसे शहरातच होते.

या ग्रंथाचे मोल राणी लक्ष्मीबाईंविषयीच्या माहितीपुरते नाही. वेढ्यातील पाण्याचे हाल, लपून बसलेल्या माणसांची भीती, शहराची लूट चालू असताना निरनिराळ्या दिवशी कोणत्या वस्तू नेल्या गेल्या, भिक्षुकाला कोठे किती मान व दक्षिणा मिळाली, अशा बारीक गोष्टी त्यात आहेत. मिळवलेले द्रव्य वाटेत गमावल्यावरही गोडसे यांनी आईवडिलांसाठी गंगेच्या पाण्याची कावड घरी आणली. कर्ज फेडण्यासाठी घर सोडलेल्या मुलाच्या दृष्टीने त्या प्रवासाचे फलित काय होते, हे या एका प्रसंगातून कळते.

चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून गोडसे यांनी हा वृत्तान्त घटनांनंतर सुमारे पाव शतकाने लिहिला. वैद्य यांनी तो १९०७ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर, भाषेत व मजकुरात फेरफार करून प्रसिद्ध केला. दत्तो वामन पोतदार यांनी संपादिलेली मूळ हस्तलिखितानुसारची आवृत्ती १९६६ मध्ये निघाली. त्यामुळे जवळजवळ सहा दशके वाचकांसमोर असलेला मजकूर लेखकाच्या मूळ लेखनापेक्षा वेगळा होता.

घर, सोवळे आणि शिक्षण

स्त्रियांच्या आत्मपर लेखनामुळे मध्यमवर्गीय ब्राह्मण घरांचे अंतरंग प्रथमच उघड झाले. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. पती शिकवण्यास उत्सुक, तर घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया विरोधात, अशा दुहेरी ओढाताणीतून एका मुलीने अक्षरे कशी गिरवली, याचे चित्र त्यात आहे. सुधारणेचा इतिहास सभांतील भाषणांतून सांगितला जातो. तिची किंमत स्वयंपाकघरात कोणाला मोजावी लागली, हे या पुस्तकावरून समजते.

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. वडिलांचे टोकाचे सोवळेओवळे, बालविवाह, कवी नारायण वामन टिळक यांचा लहरी संसार, १८९५ मधील त्यांचे धर्मांतर आणि त्यानंतर स्वतः लक्ष्मीबाईंनी केलेला धर्मबदल हा या ग्रंथाचा मुख्य विषय आहे. जातीचे नियम मनातून कसे हळूहळू गळून पडतात, परक्या हातचे पाणी घेणे किती जड जाते, हे त्यांनी विनोदबुद्धी न सोडता सांगितले आहे. त्यांचे शालेय शिक्षण झालेले नव्हते. बोलीचा सहजपणा हे या गद्याचे बलस्थान मानले जाते.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या ‘आत्मवृत्त’ (१९१५) या पुस्तकातील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. १८७५ साली परीक्षेला बसण्यासाठी ते मुरूडहून साताऱ्यापर्यंत सोबत्यांबरोबर पायी चालत गेले. परंतु वयाने लहान दिसतात या कारणावरून त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. कोकणातील मुलाला शिक्षणासाठी काय करावे लागे, ते या प्रसंगावरून ध्यानात येते. त्यांच्या पत्नी आनंदीबाई कर्वे यांच्या ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात पुनर्विवाहित स्त्रीचा अनुभव आहे. १८९३ मध्ये झालेल्या या विवाहानंतर मुरूडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. आनंदीबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ १९२८ मध्ये प्रसिद्ध झाली. पती, पत्नी आणि मेहुणी अशा तिघांचे लेखन उपलब्ध असल्याने एकाच कुटुंबातील घटना तीन दृष्टिकोनांतून तपासता येतात.

वस्ती, भूक आणि श्रम

वरील पुस्तकांत कष्टकरी माणसे बहुधा कडेला दिसतात. मोलकरीण, गाडीवान, महार, कैकाडी यांचे स्वतःचे बोलणे तेथे ऐकू येत नाही. दया पवार यांच्या ‘बलुतं’ने (१९७८) ही स्थिती बदलली. गावचा महारवाडा आणि मुंबईतील कावाखाना यांमधील जीवन, बलुत्याच्या नावाखाली होणारे शोषण, गावातून शहरात आलेल्या बायकांचे कष्ट हे त्यात प्रथमपुरुषी निवेदनातून येते. प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) ही या प्रवाहातील अन्य ठळक पुस्तके होत. ‘उपरा’मध्ये गाढवांवर बिऱ्हाड लादून फिरणाऱ्या, टोपल्या विणणाऱ्या कैकाडी कुटुंबाचा दिनक्रम आहे.

स्त्रियांच्या आत्मकथनांनी या प्रवाहात आणखी एक बाजू जोडली. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ अनेक वर्षे घरच्यांपासून लपवून लिहिले. पुस्तकाच्या नावाप्रमाणेच निवेदनाचा भर ‘मी’पेक्षा ‘आम्ही’वर आहे. दुष्काळातील खाणे, बाळंतिणीची उपासमार, सासुरवास, आषाढातील सण यांची नोंद त्यात आहे. शांताबाई कांबळे यांच्या ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ या पुस्तकात शिक्षिका झालेल्या दलित स्त्रीचा अनुभव येतो. ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ (२००३) या आत्मकथनाचे नाव बांबूच्या विणकामाशी निगडित आहे. लेखिकेची आई हे काम करून संसार चालवीत असे. डोंगरवाटांनी रत्नागिरीच्या बाजारात ओझी नेणाऱ्या बायकांचे चित्रही त्यात येते.

शेतकरी घरातील मुलाची शाळेसाठीची झुंज आनंद यादव यांच्या ‘झोंबी’त (१९८७) आहे. अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनातून चित्रपटसृष्टीत काम करणाऱ्या स्त्रीच्या जीवनाची माहिती मिळते.

साधन म्हणून मर्यादा

आत्मपर लेखन वाचताना पुढील बाबी लक्षात घ्याव्या लागतात.

लेखन आणि घटना यांत अनेक वर्षांचे अंतर असते. तारखा व आकडे चुकू शकतात.

लेखक स्वतःची बाजू मांडत असतो. न सांगितलेल्या गोष्टीही तितक्याच महत्त्वाच्या असतात.

संपादक मजकूर बदलतो. ‘माझा प्रवास’ हे याचे ठळक उदाहरण आहे.

लिहिणे ज्यांना शक्य झाले त्यांचेच जीवन नोंदले जाते. निरक्षर बहुसंख्यांचे अनुभव त्यांच्याबरोबर संपतात.

या कारणांमुळे आठवणींची पडताळणी गॅझेटिअर, पत्रव्यवहार, वर्तमानपत्रे व जमाखर्चाच्या वह्या यांच्याशी करणे आवश्यक ठरते. कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटिअर १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. पिके, जाती, व्यापार व बंदरे यांची माहिती त्यातून मिळते. त्याच प्रदेशातल्या घरात कर्जाचा ताण कसा जाणवत असे, हे मात्र वरसईच्या गोडशांकडूनच कळते. दोन्ही साधने परस्परांना पूरक आहेत.

उत्तर रायगडातील आठवणींचा प्रश्न

ज्या गावांचे रूप एका पिढीत पालटले, तेथे आठवणींचे महत्त्व अधिक असते. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण गमावले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली.

पनवेल तालुक्यातील नावडे हे दिवा–पनवेल लोहमार्गावरील गाव याच बदलत्या पट्ट्यात येते. एका बाजूस तळोजा औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूस नवी वसाहत अशी त्याची आजची ओळख आहे. २०१६ पासून ते पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. भातशेती, खाडीतील मासेमारी, मिठागरे आणि खारबंदिस्ती हे या परिसराचे जुने जीवन होते. आगरी समाजातील लग्नांत धवलारणी धवले गात. भूसंपादनाच्या कागदांत सर्व्हे क्रमांक, क्षेत्र व मोबदला सापडतो; बांध फुटल्यावर गाव कसे जमे, लावणीच्या दिवसांत न्याहारीला काय असे, खाऱ्या जमिनीतल्या भाताची चव कशी होती, हे त्यांत सापडत नाही.

१९७० साली विशीत असलेल्या, शेतीची कामे स्वतः केलेल्या व्यक्ती आता सत्तरी ओलांडून पुढे गेल्या आहेत. अशा व्यक्तींच्या आठवणी त्यांच्याच बोलीत, सांगणाऱ्याचे वय, गाव आणि नोंदीचा दिनांक यांसह लिहून ठेवल्यास त्या भावी अभ्यासकांना साधन म्हणून वापरता येतात. संपादन करताना मूळ शब्द जपणे महत्त्वाचे असते. अवजारे, मासे, भाताचे वाण आणि शेतांची नावे बहुधा बोलीतच टिकून असतात आणि प्रमाण भाषेत आणताना तीच प्रथम गळतात.