बालछळाचे मानसिक परिणाम

बालपणी झालेली मारहाण, लैंगिक अत्याचार, भावनिक छळ वा उपेक्षा यांमुळे पुढील आयुष्यात उद्भवणारे मानसिक विकार व वर्तनदोष. या विषयाचा वैद्यकीय अभ्यास अमेरिकन बालरोगतज्ज्ञ हेन्री केंप यांच्या १९६२ मधील लेखाने रुजला. बालपणीचे प्रतिकूल अनुभव जितके अधिक, तितका नैराश्य, व्यसन व आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका अधिक, हे फेलिटी व अँडा या अमेरिकन डॉक्टरांच्या पाहणीत १९९८ मध्ये दिसून आले.

सततच्या भीतीने शरीराची ताणाला प्रतिसाद देणारी यंत्रणा बिघडते (पहा : कॉर्टिसॉल). असे मूल कोणी हात उचलताच अंग चोरते, उशाखाली पोळी लपवून ठेवते, झोपेत दचकते. प्रौढपणी चिंता, आघातोत्तर तणाव (पहा : मनोविकार), अपराधीपणा व जवळच्या माणसांविषयी अविश्वास आढळतो. उपेक्षेचे वळ उठत नाहीत, म्हणून ती नजरेआड राहते. तिची हानी मारहाणीपेक्षा कमी नसते. परिणाम अटळ मात्र नाहीत : विश्वासाची एक प्रौढ व्यक्ती आणि वेळेवर मानसोपचार यांनी ते सौम्य होतात.

अशा मुलांच्या संरक्षणासाठी मुंबईत १९२४ च्या बाल अधिनियमानंतर १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. मानखुर्द येथील बालगृहे तिच्याच अखत्यारीत येतात (पहा : बालगुन्हेगारी). केंद्र शासनाच्या २००७ मधील १३ राज्यांच्या अभ्यासात दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक छळ सोसल्याचे आढळले. मानखुर्दशेजारच्या देवनार येथील टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून १९९६ मध्ये चाइल्डलाइन ही मुलांसाठीची दूरध्वनी मदतसेवा सुरू झाली. १०९८ हा तिचा क्रमांक विनाशुल्क असून चोवीस तास चालू असतो.